उजवी चालू, डावी बंद

दूध डेअरीच्या डॉकवर, म्हणजे गाड्या रिकाम्या होतात त्या ओट्यावर, माझ्या आत्याचं बोलणं फारसं कुणी ऐकलेलं नाही. तिथं ऐकायचे ते तिचे ठोके. गाडीतून उतरवलेला कॅन रोलरवरून गडगडत तिच्यापुढे यायचा. लाकडी हातोडीनं ती झाकण सैल करायची, उलटं धरायची आणि त्यावर वाकायची. दुधावर नाही, झाकणावर. कारण सगळ्या वाटेचा वास झाकणाच्या पोटात साठलेला असतो. मग हातोडी कॅनच्या गळ्यावर वाजायची. एक ठोका म्हणजे ओता. दोन ठोके म्हणजे बाजूला काढा. दुसऱ्या ठोक्यानंतर वाद घालायचा नाही, असा तिथला रिवाज.

तरी घालणारे घालायचेच.

"अहो अक्का, आत्ता काढलंय! अजून गाईला कळलं पण नाही दूध गेलं म्हणून!"

"मग जाऊन सांग तिला, परत आलंय म्हणून."

डॉकवर सगळे तिला अक्का म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा. प्रयोगशाळा होती, तिथं नमुने जायचे, पण तिथला कागद खाली येईपर्यंत दूध हौदातून गाळणीत आणि गाळणीतून मोठ्या टाकीत पोचलेलं असायचं. पहिलं दार नाकाचंच. एक खराब कॅन हौदात गेला तर हौद गेला. हौद टाकीत सोडला तर सगळ्या शहराची सकाळ गेली.

त्या नाकाची घरात केवढी बडदास्त! आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पंख्याच्या मोटारी दुरुस्त करतात. ते कोणीही पाहुणा आला की तक्रार सांगायचे, "मी लग्नापासून कपड्याच्या साबणानं अंघोळ करतो. का, तर हिच्या नाकाला सुगंध चालत नाही. पावडर नाही, वासाचं तेल नाही. नवरा म्हणून नाही, पांढरी चादर म्हणून राहतोय मी ह्या घरात."

आणि ज्या नाकासाठी हे सगळं चाललं होतं, ते नाक कित्येक वर्षं बंद होतं. डॉकवर हे आत्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवात झाली ती कॅन धुवायच्या खोलीत. नोकरीची पहिली वर्षं तिनं तिथं काढली. आत वाफ, बाहेर गार डॉक, दिवसभर आत-बाहेर. एक सर्दी आली आणि मुक्कामालाच राहिली. कपाळ जड, नाक चोंदलेलं, घशात सतत काहीतरी चिकट उतरतंय, सकाळी उठलं की अर्धा तास खाकरणं. पुढं झाकणाची जागा मिळाली आणि नाक मोकळं असणं ही गरज झाली, तेव्हा औषधाच्या दुकानदारानं एक छोटी बाटली काढून दिली. दोन थेंब. नाकात कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. बाटली एप्रनच्या खिशात गेली ती गेलीच. गाडीचा हॉर्न वाजला की आत्या भिंतीकडे तोंड करायची, मान मागे टाकायची, आणि वळायची तेव्हा तिचं नाक कामाला तयार असायचं.

पण दरवर्षी थेंब वाढत गेले आणि मोकळीक आटत गेली. एकदा तर अर्धी गाडी उतरतानाच खिडकी बंद झाली. उरलेले कॅन तिनं अंदाजानं पास केले. काही झालं नाही. पण घरी आल्यावर तिनं पुढ्यातला चहा तसाच गार होऊ दिला.

"काय झालं?" आतोबांनी विचारलं.

"काही नाही. मला डॉक्टरकडे न्या."

चार बाळंतपणांचा त्रास अंगावर काढलेली बाई स्वतःहून डॉक्टर म्हणतेय हे ऐकून आतोबांनी हातातली मोटार तशीच खाली ठेवली आणि चप्पल घातली.

नाकाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिव्याची नळी आत घालून दोन्ही बाजू बघितल्या आणि हात पुढे केला.

"द्या."

"काय?"

"बाटली. खिशात असेल ना? नाक बघून कळतंय."

आत्यानं बाटली टेबलावर ठेवली. चोरी पकडल्यासारखी.

"मूळ सर्दी केव्हाच गेली असेल हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता आहे ती ह्या बाटलीची. थेंब पडला की आतली सूज बसते. जोर ओसरला की आधीपेक्षा जास्त फुगते. तुम्ही परत थेंब घालता. हे थोड्या दिवसांपुरतं औषध आहे. कधीपासून घालताय?"

"मुलगा शाळेत होता तेव्हापासून," आतोबा मध्येच बोलले. "त्याला आता टक्कल पडलंय."

"मग एकदम तोडलं तर सोसायचं नाही. एकेक नाकपुडी सोडवू. डावीत आजपासून थेंब बंद, उजवीत चालू. हा फवारा दोन्हीकडे. तो लगेच काही करणार नाही, त्याच्यावर चिडू नका, सावकाश काम करणारा आहे. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. पाणी उकळून कोमट केलेलं, थेट नळाचं चालणार नाही. उशी उंच. डावी मोकळी झाली की मग उजवीचे थेंब बंद."

"आणि वास?"

"श्वास आधी येतो, वास मागून. कधी बराच मागून. कितपत येईल तेही आत्ता नाही सांगता येणार." त्यांनी वर बघितलं. "कामात नाक लागतं का तुम्हाला?"

"छे," आत्या म्हणाली. "मी हातोडी मारते."

आतोबांनी तिच्याकडे बघितलं. टेबलाखाली तिनं त्यांच्या पायावर पाय दिला.

रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"खोटं कुठं? मारते की हातोडी."

"रजा घे तू."

"रजा घेऊन घरी बसू, आणि तिकडे झाकणावर दुसरी कुणी वाकेल. मग मला कोण परत बोलावतंय? वाफेत पाठवतील, कॅन धुवायला. जिथनं नाक गेलं तिथंच परत. ह्या वयात?"

"अगं, पण चुकलं तर?"

"उजवी आहे ना चालू."

उजवी चालू, डावी बंद. पुढचे दिवस घरात हाच मंत्र. डावी अशी काही चोंदली की अर्धं डोकं सिमेंटनं भरल्यासारखं वाटायचं. आत्या चिडचिडी झाली, तोंड उघडं टाकून बसायची, जेवताना श्वासासाठी घास थांबवायची. उजवीत थेंब टाकताना बाटली डावीकडे वळू पाहायची आणि ती मनगट दुसऱ्या हातानं धरायची.

नाक धुवायचं काम आतोबांकडे होतं. ते दाबायची बाटली घेऊन सर्जनसारखे उभे राहायचे.

"मान वाकडी कर. तोंड उघडं. श्वास तोंडानं. आणि बोलायचं नाही."

"मी कुठं बोल—"

पाणी घशात. ठसका, शिंक, मोरीवर दोन्ही हात टेकून शिव्या.

"सांगितलं होतं ना बोलू नकोस? लग्नानंतर पहिल्यांदा वैद्यकशास्त्र माझ्या बाजूनं उभं राहिलंय, तेवढं तरी ऐक!"

एका पहाटे तिनं त्यांना हलवून उठवलं.

"ऐका."

"काय?"

"माझं नाक."

आतोबांनी कान जवळ नेला. बराच वेळ ऐकलं. "काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर!"

डावीतून गार हवा आत जात होती, सरळ, अडखळल्याशिवाय. किती वर्षांनी! ती अंथरुणात बसून नुसती श्वास घेत राहिली. त्या दिवशी तिनं साबण हुंगला. वास आला. डेटॉल हुंगलं. वास आला. आता वास कुठल्या नाकपुडीतून येतोय हे कोण बघतं? उजवीत अजून थेंब होते, आणि वास येत होता तो उजवीतून. पण तेव्हा तिला एवढंच दिसलं की नाक सुधारलं. दुसऱ्या दिवशी कामावर सकाळच्या गाड्या तिनं उजवीच्या थेंबांवर काढल्या आणि दुपारपासून ते थेंबही बंद केले.

उजवी दार आपटल्यासारखी बंद झाली. जाऊ दे. डावी वाहत होती. श्वास येतोय ना, मग झालं.

त्या दिवशी दुपारची मोठी गाडी आली. झाकण, ठोका. झाकण, ठोका. सगळं कसं स्वच्छ! एकाही झाकणाला खोड नाही. कॅन उचलून हौदात ओतणारा गडी होता, त्याला डॉकवर ओत्याच म्हणत. त्याला उसंत मिळेना.

"काय अक्का, आज सगळेच पास? गाईंनी परीक्षेचा अभ्यास केला वाटतं!"

"दूध चांगलंय आज."

"का तुमचा मूड चांगलाय?"

"हात चालव."

मूड चांगला होताच. छातीत भरभरून हवा जात होती. तिला वाटलं, थंडी पडलीय, वाटेत दूध टिकत असेल. वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच जास्त कॅन परत पाठवले की काय. गाडीचा ड्रायव्हर एरवी कॅन उतरले की चहाला पळायचा, तो आज रोलरपाशीच घुटमळत होता. तेही तिनं बघितलं आणि सोडून दिलं.

शेवटचा कॅन ओतला गेला तेवढ्यात धुवायच्या खोलीतून धाडकन आवाज आला. मागोमाग वाफवालीची किंकाळी. वाफवाली म्हणजे तिथली नवी बाई, तोंडाची तिखट, हाताची घाईची. ब्लीचिंगचं पिंप तिच्या हातून आडवं झालं होतं. ती तोंडावर एप्रन दाबून पळत बाहेर आली ती थेट गेटपाशी जाऊन उभी राहिली. ओत्यानं रुमाल नाकावर धरला. प्रयोगशाळेची खिडकी आपटून बंद झाली. डेअरीचे साहेब वरून जिना उतरत होते ते खोकत मध्येच थांबले.

"अरे मेलो, मेलो!" ओत्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "माझं तंबाखूनं मेलेलं नाक, ते पण जागं झालं! अक्का, बाहेर व्हा की! तुम्हाला काही होत नाही?"

आत्याचे डोळे झोंबत होते. पण नाकाला काहीच नव्हतं. डावीतून हवा आत जात होती, गार, स्वच्छ, कोरी. जशी सकाळपासून जात होती.

आणि मग तिला कळलं.

दुपारपासून एकाही झाकणाला वास नव्हता. वाईट नाही, आणि चांगलाही नाही. इतकी वर्षं झाकणावर वाकून ती एकच गोष्ट शोधत आली होती, खोड. खोड सापडली नाही की एक ठोका. आणि बंद नाकाला खोड कुठून सापडणार? त्याच्यासाठी सगळी दुनिया पास.

हौद काठोकाठ भरला होता. ओत्या एका हातानं रुमाल धरून दुसरा हात व्हॉल्व्हकडे नेत होता. "सोडतो हं टाकीत!"

आत्याचा हात एप्रनच्या खिशात गेला. बाटली तिथंच होती. सवयीनं रोज यायची. उजवीत दोन-चार थेंब. जरा वेळ थांबायचं, उजवी उघडेल, आपणच हौदावर वाकून बघायचं. चांगलं निघालं तर कुणाला कळणारही नाही. पण त्या 'जरा वेळात' हौद टाकीत गेलेला असेल. टाकीत पहाटेपासूनचं सगळं दूध होतं. शाळेचं, दवाखान्याचं, घराघरांतलं.

"थांबव!"

ओत्या दचकला. अक्का ओरडतात हे त्याला माहीतच नव्हतं.

"हात काढ तिथून! साहेब! खाली या!"

साहेब रुमालातून खोकत खोकत आले. "काय झालं? वास आला कसला?"

"नाही."

"मग?"

"आलाच नाही, साहेब. दुपारपासून मला कसलाच वास आलेला नाही."

"ही सगळी गाडी?"

"सगळी. ठोके दिले मी. पण वास नाही घेतलेला."

साहेबांनी भरलेल्या हौदाकडे बघितलं. रोलर रिकामे फिरत होते.

"अक्का," साहेब हळू आवाजात म्हणाले, "हौदाला गारवा नाही. हे दूध इथं उभं ठेवलं तर तेच आंबेल. बाहेर अजून गाड्या आहेत. आणि तुम्ही म्हणताय, माहीत नाही."

"हो. तेच म्हणतेय."

साहेबांनी ओत्याला नमुना काढायला लावला, स्वतः पातेलं शेगडीवर ठेवलं. दूध तापलं, वर आलं, साय धरली. सगळे पातेल्याकडे टक लावून बसलेले. फाटलं नाही.

"चला!" साहेबांनी श्वास सोडला. "उगाच घाबरवलंत. सोड रे."

आत्या व्हॉल्व्हपुढे जाऊन उभी राहिली.

"फाटलं नाही म्हणजे आंबट नाही. एवढंच. बाकीचं वासाचं. कुणीतरी वास घ्या."

"कोण घेणार? मला ह्या ब्लीचिंगपुढे माझा स्वतःचा रुमाल कळेना!"

"माझ्याकडे बघू नका," ओत्या म्हणाला. "मला कळत असतं तर मी ओतत बसलो असतो?"

गेटपाशी वाफवाली मोकळ्या हवेत उभी होती. आपली नोकरी आता जाणार म्हणून रडत. आत्यानं पातेलं फडक्यात धरून तिच्यापुढे नेलं. मागून साहेब, ओत्या, आणि सगळ्यांच्या मागे ड्रायव्हर.

"वास घे."

"अक्का, मी मुद्दाम नाही हो सांडलं—"

"ते नंतर. वाफ घे नाकात. कसला येतो?"

वाफवालीनं नाक ओढलं, डोळे पुसले, वाकली. "दुधाचा."

साहेबांनी मान हलवली आणि परत वळले.

"अजून घे," आत्या म्हणाली. "घाई करू नकोस. दुधाच्या खाली बघ."

"दुधाचाच... तापलेल्या..." ती थांबली. परत वाकली. "गाडी."

"काय गाडी?"

"गाडी उभी असते ना, तिथला. टाकी भरताना खाली सांडतं, तसा. बारीकच आहे, पण आहे."

सगळ्यांनी एकदम ड्रायव्हरकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"धुतला होता हो मी!" तो म्हणाला. "काल वाटेत डिझेल संपलं. रिकामा कॅन होता, पंपावरून त्यातच आणलं. दोन पाण्यांनी धुतला, वर चिंधी बांधून ठेवला, वेगळा. ती चिंधी सुटली कुठंतरी आणि भरणाऱ्यांनी भरला. मला वाटलं, असला तर अक्का पकडतीलच. अक्कांच्या पुढून जातं का कधी काही? म्हणून तर इथं थांबलो होतो!"

आत्यानं पातेलं खाली ठेवलं. तिचे हात भाजले होते, ते तिला तेव्हा कळलं.

अख्खा हौद मोरीत सोडला. पांढरा लोंढा अंगणभर पसरला आणि जाळीतून आत गेला. मग साहेबांनी आत्याला जिन्याखाली बोलावलं.

"कधीपासून चाललंय हे?"

तिनं सगळं सांगितलं. बाटली, डावी, उजवी, डॉक्टरीणबाईंना सांगितलेली थाप.

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला वाफेत पाठवलं असतं."

साहेबांनी थोडा विचार केला. "हो. पाठवलं असतं."

"आणि आता?"

"आताही पाठवतोय. टाकी वाचवलीत, ते मी वर सांगेन. पण बिननाकाचं माणूस झाकणावर नाही ठेवता येत, अक्का."

"नाहीच ठेवायचं," आत्या म्हणाली, आणि आपल्या हातानं हातोडी वाफवालीच्या हातात दिली.

बाटली तिनं त्या दिवशी घरी येतानाच उकिरड्यावर टाकली होती. उजवीनं पुढं चांगलाच जीव खाल्ला. वाफेच्या खोलीत उभं राहून कॅन घासताना तिला वाटायचं, आता गुदमरून पडणार. पडली नाही. मिठाचं पाणी, फवारा, उंच उशी, सगळं चालू ठेवलं. उजवीही उघडली. वास मात्र येईना. महिने गेले. डॉक्टरीणबाईंना तिनं जाऊन खरं काम सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, धीर धरा.

एका सकाळी बाजूला काढलेला कॅन तिच्याकडे धुवायला आला. झाकण उघडलं आणि आंबलेल्या, नासलेल्या दुधाचा भपकारा थेट तिच्या मेंदूत गेला. शेजारच्या बाईला ओकारी आली. आत्या कॅनमध्ये डोकं घालून उभी होती, आणि वर आली तेव्हा रडत होती.

सगळे वास आले नाहीत. काही अजूनही येत नाहीत. साहेबांनी तिला परत झाकणाशी बोलावलं तेव्हा तिनं एकच अट घातली. हातोडी वाफवालीकडेच राहील, आपण शेजारी उभं राहू. आता प्रत्येक झाकणावर दोघी वाकतात. वास नाही असं कुणी म्हटलं तर ठोका नाही, पुन्हा वाकायचं. चांगल्या दुधाचा वास सापडला पाहिजे. दोघींचं जमेपर्यंत कॅन पुढे सरकत नाही. वाफवाली कधी कधी वैतागते, गाड्यांना उशीर होतो, ड्रायव्हर शिव्या घालतात.

परवा एक नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि रोलरपाशी येऊन भांडायला लागला.

"अहो बाई, सगळ्या डेअऱ्यांत एक जण वास घेतो! तुमच्याकडेच एका कॅनला दोन नाकं कशाला लागतात?"

आत्यानं झाकणावरून मान वर केली.

"त्यातलं एक माझंय म्हणून," ती म्हणाली, आणि परत वाकली.